दुर्बिणीतून दीर्घिका फक्त राखाडी डाग दिसते : कोल्हापूर परिसरातील निरीक्षकांसाठी समस्या निवारण

दिवाळीनंतर पावसाचे ढग हटतात, रात्री स्वच्छ होऊ लागतात आणि नव्याने दुर्बीण घेतलेली मंडळी देवयानी दीर्घिकेकडे वळतात. त्यानंतर येणारी तक्रार दर हिवाळ्यात जवळजवळ त्याच शब्दांत येते. चंद्रावरची विवरे उत्तम दिसली, शनीची कडीही दिसली, परंतु दीर्घिकेच्या जागी एकतर काहीच नाही, किंवा काचेला बोट लागावे तसा एक फिकट डाग आहे; तेव्हा दुर्बीण सदोष आहे का, आरसा बदलावा लागेल का, की थेट मोठी दुर्बीण घ्यावी, असे प्रश्न विचारले जातात.

या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या अडचणी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय उपाय सापडत नाही. पहिली अडचण अशी की दीर्घिका सापडलेलीच नसते आणि निरीक्षक जवळच्या रिकाम्या आकाशाकडे पाहत असतो. दुसरी अशी की दीर्घिका दृष्टिक्षेत्रात असते, पण चंद्रप्रकाश, शहराचा उजेड, दव किंवा न सरावलेला डोळा तिला झाकून टाकतो. तिसरी, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत अधिक वेळा आढळणारी, अशी की दीर्घिका त्या दुर्बिणीतून जशी दिसायला हवी तशीच दिसत असते, फक्त पाहणाऱ्याच्या मनात रंगीत छायाचित्र असते. पुढील तपासणी ज्या क्रमाने दिली आहे त्याच क्रमाने करावी. दुर्बिणीवर पैसे खर्च करण्याचा विचार अगदी शेवटी यावा.

दुर्बीण खरोखर बिघडली आहे का?

ही तपासणी पाच मिनिटांत होते. कृत्तिकेच्या पुंजक्याकडे दुर्बीण वळवावी, सर्वांत कमी वर्धनाचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, लावावा आणि फोकस नीट जुळवावा. तारे बारीक ठिपक्यांसारखे दिसले तर दीर्घिका पाहण्यापुरती दुर्बीण ठीक आहे. त्यानंतर जास्त वर्धनाच्या आयपीसमधून एखादा तेजस्वी तारा क्षेत्राच्या मध्यभागी आणून फोकस किंचित बिघडवावा. ताऱ्याची जी चकती दिसते तिच्यातील वलये एककेंद्री असतील तर आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन, योग्य आहे. वलये एका बाजूला सरकलेली दिसली तर परावर्ती दुर्बिणीच्या मुख्य आरशामागील स्क्रू थोडे थोडे फिरवून ती मध्यावर आणावीत.

सगळ्याच तेजस्वी ताऱ्यांभोवती धूसर प्रभा दिसत असेल तर दोष आरशाचा नसून दवाचा आहे. पंचगंगेच्या काठाजवळ, रंकाळ्याच्या बाजूला किंवा पाणी दिलेल्या ऊसाच्या शेताशेजारी डिसेंबरात मध्यरात्रीपूर्वीच फाइंडरची, म्हणजे दुर्बिणीवरच्या लहान शोधक दुर्बिणीची, काच ओली होते आणि आयपीसवर श्वासाची वाफ धरते. काळ्या योगा मॅटचा तुकडा नळीसारखा गुंडाळून भिंगापुढे लावल्यास दव बराच वेळ लांब राहते. ओली झालेली काच कापडाने पुसू नये, हवेने वाळू द्यावी. मुख्य आरशावरील धूळ पाहून अनेकांना तो धुण्याची घाई होते, परंतु थोड्याशा धुळीने दीर्घिकेच्या दृश्यात ओळखू येईल असा फरक पडत नाही आणि घासल्याने पडलेले ओरखडे मात्र कायमचे राहतात.

आपण योग्य जागी पाहत आहोत का?

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका, म्हणजे शार्ल मेसिए यांच्या यादीतील एम ३१, कोल्हापुरातून उत्तरेकडे तोंड केल्यास क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर असते. ती शोधताना पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनापासून सुरुवात करावी. उत्तरा भाद्रपदेच्या दोन ताऱ्यांपैकी उत्तरेकडील ताऱ्यापासून ईशान्येकडे जाणाऱ्या देवयानी तारकासमूहाच्या रांगेतील दुसऱ्या ठळक ताऱ्यावर, म्हणजे मिराकवर, यावे. तेथून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला वळल्यावर पुढे दोन मंद तारे लागतात आणि त्यांपैकी दुसऱ्याच्या अगदी जवळ, सव्वा अंशाच्या आसपास पश्चिमेला, दीर्घिका आहे.

येथे दोन ठिकाणी वाट चुकते. न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत आणि साध्या फाइंडरमध्ये प्रतिमा पूर्ण उलटी दिसते, तर कोनी आरसा लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत फक्त डावे-उजवे बदलते. नकाशा हातात धरून ‘थोडे डावीकडे’ सरकताना निरीक्षक प्रत्यक्षात विरुद्ध दिशेला जातो. आपल्या दुर्बिणीत नळी पूर्वेला ढकलली की तारे कोणत्या बाजूला सरकतात, हे एकदा नीट पाहून ठेवले की हा गोंधळ संपतो. दुसरी चूक अधिक फसवी आहे. मिराक ताऱ्याला जवळजवळ चिकटून एनजीसी ४०४ (एनजीसी ही दीर्घिका, तेजोमेघ वगैरेंची दुसरी यादी) नावाची लहान दीर्घिका आहे. मध्यम दुर्बिणीतून ती ताऱ्याच्या प्रतिबिंबासारखी दिसते आणि काही जण तिलाच देवयानी समजून निराश होतात.

शोधताना नेहमी २५ मिमी किंवा त्याहून अधिक नाभीय अंतराचाच (भिंग किंवा आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचे अंतर; आयपीसमध्ये ते जास्त तितके वर्धन कमी) आयपीस वापरावा. स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यात ४ मिमीचा आयपीस आणि तिप्पट वर्धन करणारे बार्लो भिंग मिळते, तेव्हा खरेदीदार साहजिकच तेच आधी लावतो. ७६ मिमी व्यास आणि ७०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत त्या जोडीने ५२५ पट वर्धन होते, पण त्या व्यासाला दीडशे पटींपुढचे वर्धन पेलतच नाही. दीर्घिकेसाठी तर ते घातकच आहे, कारण क्षेत्र अगदी अरुंद होते, प्रकाश पसरून विरळ होतो आणि काळोखाखेरीज काही उरत नाही.

आकाशाची तपासणी

दीर्घिकांच्या बाबतीत दुर्बिणीच्या व्यासापेक्षा आकाशाचा काळेपणा अधिक महत्त्वाचा आहे, आणि हे मला फार जोर देऊन सांगावेसे वाटते. तारा हा बिंदू असल्याने शहरातही तो उजेडातून वर येतो. दीर्घिकेचा प्रकाश विस्तृत क्षेत्रावर पसरलेला असतो आणि त्या क्षेत्रातील तिचे तेज बहुधा पार्श्वभूमीच्या आकाशापेक्षा किंचितच अधिक, पुष्कळदा कमीच असते. पार्श्वभूमी उजळली की हा फरक नाहीसा होतो. मोठ्या आरशाने दीर्घिका आणि उजळ आकाश दोन्ही सारख्याच प्रमाणात गोळा होतात, त्यामुळे राजारामपुरीतील गच्चीवर ठेवलेल्या आठ इंची दुर्बिणीपेक्षा राधानगरीच्या बाजूला काळोखात ठेवलेली चार इंची दुर्बीण पसरट दीर्घिका अधिक चांगली दाखवते.

आकाश पारखण्यासाठी पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत ध्रुवताऱ्याजवळचे तारे मोजण्यास सांगतात, पण तो उपाय येथे उपयोगाचा नाही. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजावर तेवढ्याच अंशांवर, धुळीच्या थरात असतो. त्याऐवजी भाद्रपदांच्या चौकोनाच्या आत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते पाहावे. एकही दिसला नाही तर त्या रात्री देवयानीचा गाभा पाहून समाधान मानावे. पाच-सहा दिसले तर आकाश चांगले आहे आणि देवयानी दीर्घिका दुर्बिणीशिवायही अंधुक ढगासारखी दिसायला हवी.

अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवसांतच दीर्घिकांचा बेत आखावा. कोल्हापूर शहर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आणि पूर्वेला इचलकरंजी यांचा उजेड एकत्र होतो, म्हणून आपण कोठे उभे आहोत त्यावरून पाहण्याची दिशा ठरवावी. पन्हाळा शहराच्या वायव्येला आहे. तेथून आग्नेय बाजू उजळलेली असते, पण उत्तरेकडच्या दीर्घिका सुखाने पाहता येतात. राधानगरीच्या बाजूला गेल्यास शहराची प्रभा ईशान्येला राहते आणि दक्षिण आकाश उत्तम मिळते. तेथून देवयानी पाहायची असेल तर ती उगवताना घाई न करता डोक्याजवळ येईपर्यंत थांबावे. अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नये, वस्तीजवळचे मोकळे शेत मालकाला विचारून वापरणे केव्हाही बरे.

ऊसतोडणीच्या दिवसांचा विचार वेगळा करावा लागतो. पाचट पेटवलेले असेल किंवा गुऱ्हाळांचा धूर खाली बसलेला असेल तर डोळ्यांना आकाश निरभ्र भासते, तारेही दिसतात, पण धुराचे कण रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाश विखुरतात आणि दीर्घिका बुडून जाते. अशा रात्री दुर्बिणीला दोष देऊ नये. वाऱ्याने हवा धुऊन निघालेली पुढची रात्र निवडावी.

डोळ्याची तयारी

डोळ्यातील मंद प्रकाश ओळखणाऱ्या दंडपेशी अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे घेतात, आणि मोबाइलकडे टाकलेला एक कटाक्ष तो सराव बराचसा पुसून टाकतो. नकाशासाठी लाल कागद लावलेला मंद टॉर्च वापरावा, आकाशदर्शनाचे ॲप लाल पडद्यावर आणि किमान प्रकाशावर ठेवावे. शेजारच्या दिव्याचा त्रास होत असेल तर डोक्यावर काळे कापड घेऊन पाहावे. चारचौघांत ते विचित्र वाटले तरी त्याने होणारा लाभ मोठा असतो.

दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून मंद वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते. उजव्या डोळ्याने पाहताना नजर वस्तूच्या किंचित उजवीकडे आणि डाव्या डोळ्याने पाहताना किंचित डावीकडे ठेवावी, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहते आणि अंधबिंदूवर येत नाही. नळीला बोटाने हलकी टिचकी मारल्यास हलणारा फिकट डाग डोळ्याला चटकन कळतो. एका दीर्घिकेवर किमान दहा मिनिटे द्यावीत. पहिल्या मिनिटात दिसते ते आणि दहाव्या मिनिटात दिसते ते यांत एवढा फरक पडतो की दुर्बीण बदलल्यासारखे वाटते.

हे सर्व करूनही डागच दिसतो, तेव्हा

आता तिसरी अडचण उरते, आणि ती समजून घेणे हाच तिचा उपाय आहे. दोनशे मिलिमीटरचा आरसा पूर्ण विस्फारलेल्या बाहुलीच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो, हे खरे. पण तो प्रकाश वर्धनामुळे तितक्याच मोठ्या प्रतिमेवर पसरतो. म्हणून कोणत्याही दुर्बिणीतून पसरलेल्या वस्तूच्या पृष्ठभागाचे तेज नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या तेजापेक्षा अधिक होऊ शकत नाही. दुर्बीण दीर्घिकेला मोठी करते, उजळ करत नाही. मोठी झालेली मंद वस्तू डोळ्याला ओळखायला सोपी जाते, यातच दुर्बिणीचे खरे साहाय्य आहे.

यावरून वर्धन कसे निवडावे हेही कळते. आरशाच्या व्यासाला वर्धनाने भागले की आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. २०० मिमी व्यास आणि १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत २५ मिमी आयपीसने ४८ पट वर्धन आणि सुमारे ४ मिमीची शलाका मिळते, १० मिमी आयपीसने १२० पट आणि १.७ मिमीची. देवयानीसारख्या पसरट दीर्घिकेला पहिला आयपीस योग्य ठरतो. लहान आणि गच्च दीर्घिकांना आधी पहिल्याने शोधून मग साधारण २ मिमी शलाका देणारा आयपीस लावावा, कारण तेव्हा पार्श्वभूमीही काळवंडते आणि प्रतिमा ओळखण्याइतकी मोठी होते.

याद्यांत दिलेली दृश्यप्रत येथे हमखास फसवते. ती प्रत संपूर्ण दीर्घिकेचा प्रकाश एका बिंदूत आणला तर किती तेज होईल ते सांगते; आकडा जितका लहान तितके तेज अधिक. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ची प्रत ५.७ आणि हस्त नक्षत्राजवळच्या एम १०४ ची ८ आहे. कागदावर एम ३३ कितीतरी सोपी वाटते, पण ती पौर्णिमेच्या चंद्राहून मोठ्या क्षेत्रावर पसरलेली असल्याने शहराजवळून अजिबात सापडत नाही, तर आटोपशीर एम १०४ चटकन दिसते. नवशिक्याने पहिल्या वर्षी एम ३३ आणि एम १०१ यांच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवयानीबाबत आणखी एक गोष्ट. तिची लांबी छायाचित्रांत तीन अंशांहून अधिक, म्हणजे सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी असते. वर सांगितलेल्या दुर्बिणीत २५ मिमीच्या साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसमधून जेमतेम एक अंश दिसतो. ती क्षेत्रात मावतच नाही, आणि जो गोल उजेड दिसतो तो तिचा केवळ गाभा असतो. काळ्या आकाशाखाली १०×५० द्विनेत्रीतून ती अधिक लांब आणि अधिक देखणी दिसते.

रंग दिसणार नाही, हेही आधीच स्वीकारावे. इतक्या मंद प्रकाशात दंडपेशीच काम करतात आणि त्यांना रंग कळत नाही. शिवाय डोळा सेकंदाच्या अल्पांशापुरताच प्रकाश साठवतो, तर छायाचित्रातील निळे बाहू आणि गुलाबी ठिपके कित्येक मिनिटांच्या किंवा तासांच्या प्रकाशातून येतात. १८ व्या शतकात शार्ल मेसिए यांनी आपली यादी केली तीच मुळी असे धूसर डाग धूमकेतू समजले जाऊ नयेत म्हणून. एम ५१ चा सर्पिल आकार पहिल्यांदा ओळखला गेला तो १८४५ साली, लॉर्ड रॉस यांच्या सुमारे १.८ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे याचा निर्णायक पुरावा एडविन हबल यांना १९२३ साली मिळाला, आणि तोही छायाचित्रण काचांवरून. तेव्हा आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून राखाडी उजेड दिसला तर तो अपयशाचा पुरावा नाही. तो २५ लाख प्रकाशवर्षांवरून निघालेला प्रत्यक्ष प्रकाश आहे आणि तो कोणत्याही पडद्याच्या मध्यस्थीशिवाय आपल्या डोळ्यात पोहोचला आहे.

कोणत्या व्यासातून काय दिसावे

काळे आकाश आणि सरावलेला डोळा गृहीत धरून सांगतो. ७० ते ८० मिमीच्या दुर्बिणीतून देवयानीचा गाभा आणि त्याभोवतीचा लांबट उजेड, एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊला उत्तरेस सुमारे ३८ अंशांवर येणाऱ्या एम ८१ व एम ८२ या दोन वेगळ्या आकाराच्या प्रभा, आणि एम १०४ ची छोटी रेघ एवढे मिळावे. १५० मिमीमध्ये देवयानीच्या सोबतच्या एम ३२ आणि एम ११० या दीर्घिका येतात, एम ८२ सिगारसारखी लांबट दिसते, आणि एम ५१ मध्ये दोन गाभे वेगळे कळतात. २०० मिमीतून एम ८२ वरचे काळसर तुटलेपण आणि एम १०४ मधील धुळीच्या पट्ट्याची चाहूल लागते. एम ५१ चे बाहू जाणवायला २५० ते ३०० मिमी व्यास आणि खरोखर काळी रात्र लागते, आणि तेव्हाही ते ‘दिसले’ म्हणण्यापेक्षा ‘जाणवले’ म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरते.

कोल्हापूरच्या निरीक्षकाला भूगोलाने काही चांगल्या गोष्टी दिल्या आहेत आणि त्यांचा वापर फार कमी होतो. ज्या नोव्हेंबरच्या रात्री उत्तरेला देवयानी असते त्याच वेळी दक्षिणेला ४८ अंशांवर एनजीसी २५३ ही लांबट, तेजस्वी दीर्घिका असते. तिमिंगल तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या दक्षिणेला सुमारे सात अंशांवर ती सापडते. युरोपच्या उत्तर भागातील निरीक्षकांना ती क्षितिजाच्या धुरकटीत शोधावी लागते, आपल्याकडे ती आरामात उंचावर येते. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या आसपास नरतुरंगातील एनजीसी ५१२८ दक्षिणेला ३० अंशांवर येते आणि १५० ते २०० मिमीतून तिच्या मधोमध गेलेला काळा पट्टा चांगल्या रात्री ओळखता येतो. सिंह आणि कन्या राशींतील दीर्घिका तर आपल्या डोक्यावरून जातात, तेथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो. डॉब्सोनियन दुर्बीण (जमिनीवरच्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली आरशाची दुर्बीण) मात्र अगदी खस्वस्तिकाजवळ, म्हणजे थेट डोक्यावर, फिरवणे अवघड जाते, म्हणून त्या माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर पाहाव्यात. मॅगेलनच्या मेघांची अपेक्षा येथून ठेवू नये, मोठा मेघही दक्षिण क्षितिजापासून तीन-चार अंशांपलीकडे चढत नाही.

खर्च करण्यापूर्वी

तेजोमेघांसाठी विकले जाणारे यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर दीर्घिकांना उपयोगी पडत नाहीत, कारण दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सर्व तरंगलांबींवर पसरलेला असतो आणि फिल्टर त्यालाही कापतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांपुढे प्रकाशप्रदूषणाचे फिल्टरही फारसे चालत नाहीत. ज्यांना रंग आणि बाहूच हवे आहेत त्यांनी मोठ्या दुर्बिणीऐवजी छायाचित्रणाकडे वळावे. आता मिळणाऱ्या ५० मिमीच्या स्मार्ट दुर्बिणी अनेक लहान छायाचित्रे एकावर एक रचून मोबाइलवर जी दीर्घिका दाखवतात ती ३०० मिमीच्या आयपीसमधूनही डोळ्यांना दिसणार नाही. हा वेगळा आनंद आहे आणि तो हवा असेल तर तेच साधन घ्यावे.

इतके करूनही शंका राहिली तर मदत मागताना पुढील नोंदी सोबत द्याव्यात : दुर्बिणीचा व्यास आणि नाभीय अंतर, वापरलेला आयपीस, ठिकाण, तिथी आणि वेळ, भाद्रपदांच्या चौकोनात दिसलेले तारे, कृत्तिकेतील तारे बारीक दिसले की नाही, आणि जे दिसले त्याचे पेन्सिलीने काढलेले साधे चित्र. चित्र ओबडधोबड असले तरी चालते, कारण गाभ्याशेजारी काढलेला एक लहानसा फुगीर ठिपका एम ३२ च्या जागी बसत असेल तर निरीक्षक योग्य ठिकाणी पाहत होता आणि दुर्बीण निर्दोष आहे, हे दोन्ही एकदमच सिद्ध होते.